चार गाठींचा बाजा

पास्कू,

तू गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. काशीमीऱ्याच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभा होतो. आपल्या जुन्या स्टोअरच्या शेजारचा गॅरेजवाला म्हणाला, "काका, वो पालीवाला मिस्त्री गया, मालूम है ना?" मी म्हटलं, "हां, मालूम है." मालूम नव्हतं. पण इतक्या वर्षांच्या दोस्तीत ही बातमी गॅरेजवाल्याकडून कळावी याची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी खोटं बोलतो. हे तुला माझ्याआधी ठाऊक होतं.

या वर्षी कमिटीच्या पोरांनी जयंतीच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला. "वाघमारेकाका, तुम्ही सगळ्यांत जुने. गायन पार्टीच्या आठवणी लिहा." मी हो म्हटलं तेव्हा तू होतास. आता लिहितोय तुला, आणि छापायला देणार त्यांनाच. कारण ज्यांनी हे वाचायला हवं त्यांतले जे उरलेत, ते ही स्मरणिका वाचतात. मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी मधेच पान उलटलं तरी चालेल. शताब्दीच्या वर्षी, जयंतीच्या मंडपात, माझ्या बायकोच्या, कांताच्या, शेवटच्या गाण्याला पास्कूचा बाजा बेसूर वाजला. त्या दिवशी पास्कू प्यायलेला नव्हता. चूक त्याची नव्हती, माझी होती.

आता सावकाश लिहितो.

तू पहिल्यांदा आलास तेव्हा मी ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात स्टोअरकीपर होतो. परभणीकडून येऊन चार-पाच वर्षं झालेली, मीरा रोडला वन रूम किचन घेतलेलं, खिडकीतून मिठागरं दिसायची. तू उत्तनजवळच्या पालीच्या कोळीवाड्यातला, बोटींच्या इंजिनांचा मिस्त्री. बोटीत ट्रकचंच इंजिन बसवतात हे मला तुझ्याकडून कळलं. तुला हेड गॅस्केट हवं होतं. मी कार्ड काढलं, रॅक नंबर बघितला, माळ्यावर चढलो, आणि खाली वाजायला लागलं.

मला वाटलं जत्रेत मिळतो तसला माउथ ऑर्गन असेल, दोन ओळींचा, थरथरत्या आवाजाचा. खाली उतरून बघितलं तर तुझ्या मुठीत मावेल एवढा, एका ओळीत दहा भोकं. आणि तू श्वास आत ओढून ओल्या बांबूला हळूहळू बाक द्यावा तसा स्वर वाकवत होतास. मी गॅस्केट हातात धरून उभा.

"मालाला एवढा टाइम लागतो तर गिऱ्हाइकाला बाकडा ठेवा की, इस्टोरवाले."

"माउथ ऑर्गन छान वाजवता."

"बाजा बोला. ऑर्गन चर्चमधी असतो."

त्या दिवसापासून मी इस्टोर झालो. नावाने तू मला कधीच हाक मारली नाहीस. दुसऱ्याच आठवड्यात बाकडा मात्र मी ठेवला.

तुझा मावसभाऊ सायमन परदेशी बोटीवर होता. दर फेरीला तो तुला एक बाजा आणायचा. बाजावर इंग्रजी अक्षर कोरलेलं असतं, त्यावरून त्याची पट्टी कळते, हे तू मला शिकवलंस. पहिला आला C. "शिकायचं तर हाच घे, इस्टोर. ना जाडा, ना किरटा." मग G आला, सगळ्यांत खालच्या आवाजाचा, घोगरा. मग तू D मागितलास आणि सायमनने A आणला. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं की D संपलाय, A घ्या, सेमच आहे.

"मी काय चपला मागितलेल्या?" तू माझ्या बाकड्यावर बसून चिडला होतास. "आठ नंबर न्हाय तर नऊ नंबर दे?"

D पुढच्या फेरीला आला. तू तो लगेच हळदीला घेऊन गेलास. तुझं म्हणणं, हळदीच्या मांडवात बायका गात असतात, पोरं बोंबलत असतात, तिथे G घेतला तर भांड्यात बोंबील शिजतायत एवढाच आवाज येतो. D कसा, वर जातो आणि गर्दी कापतो. चर्चमधल्या संथ गाण्यांना मात्र तू जुना दोन ओळींचाच न्यायचास, कारण तिथे तीन-तीन भोकं एकदम फुंकून मागे नुसता भरीव आवाज धरायचा असतो, नखरे करायचे नसतात. "फादरसमोर सूर वाकवायचा न्हाय," तू म्हणायचास, "त्याला वाटतं मी त्यालाच वाकवून दाखवतो." कुठल्या गाण्याला कुठला बाजा, हे तू मला असं सांगायचास. पुस्तकातलं काही नाही. मांडव, फादर, बोंबील.

मी तुला पार्टीत आणलं. आमची गायन पार्टी म्हणजे कांता, माझी बायको, गाणार. सोनकांबळे मास्तर पेटीवर. एक बेंजो, एक ढोलक. रविवारी दुपारी आमच्या घरी प्रॅक्टिस. मी गात नाही, वाजवत नाही. मी माइक, सतरंज्या, कुणाला कुठून आणायचं, कुणाला कुठे सोडायचं, हे बघायचो. शेजारच्या शाहभाभी दार उघडं ठेवून ऐकायच्या.

कांताची पट्टी पांढरी सहा. म्हणजे इंग्रजीत A. पहिल्या रविवारी तू A चा बाजा घेऊन बसलास, पहिलं गाणं सरळ, उत्साहाचं, झकास झालं. दुसऱ्या गाण्यात मास्तरांनी पेटी थांबवली. "गाण्यात कोमल निषाद आहे. तुमच्या बाजात नाही. सोडून द्या हे गाणं."

तू डोकं खाजवलंस आणि D काढलास.

"अहो D काय करता? बाईंचा सूर A आहे."

"वाजवा तर खरं, मास्तर."

मास्तरांनी नाइलाजाने पेटी धरली. तू D च्या बाजात मधूनच कुठूनतरी A ला सा केलंस आणि ओढून ओढून वाजवायला लागलास, आणि कोमल निषाद तिथे होता, जणू आधीपासून वाट बघत बसलेला. मास्तरांनी चष्मा काढला. तू सांगितलंस, सायमनने एका बंदरातून एक कॅसेट आणली होती, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांची. ते लोक म्हणे गाणं ज्या पट्टीत असेल त्या पट्टीचा बाजा घेतच नाहीत. सा पासून मोजून चौथ्या सुराचा घेतात आणि ओढून वाजवतात, म्हणून ते वाजवणं रडल्यासारखं लागतं. "त्यांना कोनी बरोबर पट्टीचा बाजा दिलाच नसेल," तू म्हणालास. "जो मिळाला त्यात त्यांनी आपलं गाणं बसवलं." मग मास्तर म्हणाले, "पास्कू, जरा परत लावा ते."

पुढच्या रविवारी मास्तर कागद घेऊनच आले. तुझ्याकडच्या प्रत्येक बाजात A ला सा धरून बघितलं. A मध्ये सगळे स्वर शुद्ध. D मध्ये एक कोमल. G मध्ये दोन. C मध्ये तीन. एका बाईच्या एका पट्टीला चार बाजे, आणि प्रत्येकात वेगळा थाट. मास्तर हिशेब करून म्हणाले, "F मिळाला तर चार कोमल. म्हणजे भैरवी." कांताचं शेवटचं गाणं भैरवीत होतं. तू सायमनला पत्र टाकलंस. नाताळात F आला, बारीक, किरट्या आवाजाचा. तो तू पहिल्यांदा वाजवलास तेव्हा कांता गाता गाता थांबली होती. रागाने नव्हे. नंतर पदराने नाक पुसत मला म्हणाली, "मिस्त्रीला चहा नको, जेवायला वाढते."

हे पाचही बाजे तू बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचास. प्रत्येकाच्या टोकाला जाळ्याचा हिरवा दोरा, आणि दोऱ्याला गाठी. वाजवताना तुझे डोळे मिटलेले असायचे, नाहीतर कांताच्या तोंडाकडे असायचे. हात डब्यात जायचा, अंगठ्याने गाठी मोजायचा आणि पाहिजे तो बाजा वर यायचा. A च्या दोऱ्याला एकही गाठ नाही. D ला एक, G ला दोन, C ला तीन, F ला चार.

माझ्यातल्या स्टोअरकीपरला हे बघवायचं नाही.

"ही कुठली पद्धत? C पहिला. C ला एक गाठ पाहिजे. मग D, F, G, A, पेटीवर येतात तसे. उद्या दुसरं कोणी वाजवायला बसलं तर?"

"दुसरा आपल्या गाठी बांधल."

"पण C ला तीन आणि A ला शून्य, याला काही नियम?"

"जितकं गाणं रडतं तितक्या गाठी. तुझ्या रॅकमधी माल नंबरानं असतो, इस्टोर. माझ्याकडं रडण्यानं."

मला वाटलं तू थट्टा करतोयस. मी म्हटलं, "बाजावर अक्षर कोरलंय ते काय उगाच?" तू कांताकडे बघून म्हणालास, "तुमच्या दारावर वाघमारे लिवलंय, म्हून आत वाघाचं राज्य हाय का, वयनी?" सगळे हसले. कांता सगळ्यांत जास्त. मीही हसलो. पण तो वाद मी मनातून सोडला नाही.

आणखी एक गोष्ट इथे लिहायला हवी. शताब्दीच्या आधीच्या वर्षी राखेच्या बुधवारी, तुमचे उपास सुरू होतात त्या दिवशी, तू दारू सोडलीस. पालीला तुझ्या घरामागे, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या खाली, तू मला सांगितलंस. "फिलूला बोललोय. आता तुला. दोन साक्षीदार पुरेत." मी विचारलं, बायको ठीक, मी कशाला? तू म्हणालास, "तू कार्डावर लिवल्याबिगर एक नट सोडत न्हाय. तू विसरणार न्हाय."

मी विसरलो नाही, पास्कू. तेच तर.

पुढच्या एप्रिलात कार्यक्रम मोठा होता. शताब्दीचा. आमच्या पार्टीला शेवटचं गाणं दिलं होतं आणि कांता आठवडाभर कोमट पाणी पीत होती. शनिवारी संध्याकाळी शेवटची प्रॅक्टिस झाली. उत्तनला कुणाच्या तरी बोटीचं इंजिन बंद पडलं होतं, तुला तिकडे पळायचं होतं. डबा मीच ठेवून घेतला. म्हटलं, खाऱ्या हवेत कशाला नेतोस, उद्या मंडपात देतो.

रविवारी सकाळी कांता आंघोळीला गेलेली असताना मी डबा उघडला. प्रत्येक बाजा मऊ फडक्याने पुसला. मग सगळे जुने दोरे सोडले. डब्यातच दोऱ्याची गुंडाळी होती. नवे दोरे बांधले. C ला एक गाठ, D ला दोन, F ला तीन, G ला चार, A ला पाच. गाठी सारख्या अंतरावर, एका मापाच्या. कामच तसं करायची सवय होती. डबा बंद करताना मला बरं वाटलं.

चांगल्या मनाने केलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पूर्ण खरं नाही. मास्तर तुझं कौतुक करायला लागले होते, कांता तुझ्या विनोदाला हसत होती, पार्टी मी जमवलेली आणि लोक विचारायचे, "तो बाजावाला येणार ना?" मला तो वाद जिंकायचा होता. बाजा काढायच्या आधी तुला दाखवीन, तू म्हणशील, इस्टोर, खरंच सोपं झालं. एवढंच मला ऐकायचं होतं.

तू मंडपात पोचलास तेव्हा कांता स्टेजवर चढत होती. तुझा शर्ट डिझेलने माखलेला, डोळे धुराने लाल, रात्रभर जागा. पायरी चढताना अडखळलास. मी डबा तुझ्या हातात कोंबला आणि म्हटलं, "चल, चल, लागतंय गाणं." गाठींचं सांगायचं राहिलं. विसरलो. इथवर ती नुसती चूक होती.

तू डोळे मिटून बसलास. अंगठा डब्यात फिरला आणि चार गाठींचा बाजा वर आला. तुझ्या हिशेबाने F. माझ्या हिशेबाने G.

मी स्टेजच्या कडेला माइकच्या वायरीजवळ बसलो होतो. पहिली फुंकर चुकली, ती ढोलकाच्या आणि कर्ण्यांच्या आवाजात बुडाली, आणि तू कानाने सरकून बरोबर सा धरलास. गंधार बरोबर, निषाद बरोबर. म्हणून क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग उतरताना तू रिषभावर आलास. भैरवीचा रिषभ कोमल, आणि G च्या बाजात तो शुद्ध. कांताच्या कोमल रिषभावर तुझा शुद्ध रिषभ असा घासला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना वर केल्या. कांताने वळून बघितलं. तू थांबलास, परत धरलंस, धैवतावर परत तेच. मग तू बाजा डोळ्यांजवळ नेलास, डोळे बारीक करून अक्षर वाचायचा प्रयत्न केलास. तुझा चष्मा बोटीवर राहिला होता. लोकांना काय दिसलं असेल ते मला कळतं. लाल डोळ्यांचा, मळक्या कपड्यांचा एक माणूस, आपल्या हातात काय आहे तेच त्याला कळेना.

तू दुसरा बाजा काढला नाहीस. काढणार कुठला? स्वतःच्या अंगठ्यावरचाच विश्वास गेला. बाजा मांडीवर ठेवून गाणं संपेपर्यंत मान खाली घालून बसून राहिलास. पाहिजे तो बाजा तुझ्यापासून वीतभर अंतरावर, डब्यात होता. मला पहिल्या रिषभालाच कळलं होतं. उठून तुझ्या कानात दोन शब्द सांगायला चार पावलं लागली असती. मी वायर सरळ करत बसलो.

खाली उतरल्यावर तेव्हाचे अध्यक्ष माझ्याजवळ आले. "वाघमारे, तुमचा माणूस टाकून आलाय का?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

एवढंच बोललो. तुझ्या दोन साक्षीदारांपैकी एकाची ही साक्ष. मागून कोणीतरी म्हणालं, "सांगायला कशाला पाहिजे, पालीचं पाणी," आणि दोघं-तिघं हसले. तू दहा पावलांवर चपला शोधत होतास. ऐकलंस.

माझ्या वडिलांनी गाव सोडलं ते असल्याच एका वाक्यामुळे. कोणाच्या तरी शेतातला पंप हरवला आणि चावडीवर कोणी म्हणालं, "शोधायचं कशाला, अमक्यांच्या वस्तीत बघा की." पंप त्याच शेताच्या विहिरीत पडलेला सापडला. वाक्य परत घ्यायला मात्र कोणी आलं नाही. ही गोष्ट मी दर जयंतीला पोरांना सांगतो. त्याच मंडपात.

सोमवारी तू दुकानात आलास. ऑइल सील हवं होतं. मी कार्ड काढलं, नंबर लिहिला, सील काउंटरवर ठेवलं. तू म्हणालास, "गाठी चांगल्या बांधल्यास, इस्टोर."

आवाजात काही नव्हतं. रागही नव्हता. तू नुसता बघत उभा राहिलास आणि आता मला कळतं, तू मला जागा करून देत होतास. मी म्हणालो, "जुन्या सैल झाल्या होत्या."

"हं," तू म्हणालास, सही केलीस आणि गेलास. बाकड्यावर बसला नाहीस.

पार्टीला पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. कांताने सांगितलं, "त्या माणसाला परत घरात आणू नका." मी आणलं नाही. शाहभाभी महिनाभर विचारत राहिल्या, "वाघमारेभाई, आजकल बाजा नहीं बजता?" मी त्यांना सांगितलं, "उसको टाइम नहीं मिलता."

त्या सोमवारी तू गेल्यावर मी रॅकच्या मागे जाऊन एका जुन्या कार्डाच्या पाठीवर लिहून बघितलं होतं. A शून्य, D एक, G दोन, C तीन, F चार. शेजारी मास्तरांचे आकडे लिहिले. गाठी म्हणजे कोमल स्वर होते. जितके कोमल तितक्या गाठी. तुझी पद्धत माझ्या पद्धतीपेक्षा कितीतरी शहाणी होती, आणि ती तू मला एका वाक्यात सांगितलीही होतीस. जितकं गाणं रडतं.

त्यानंतरही तू येत राहिलास, हे मला अजून समजत नाही. सबंध दशकभर. सील, बेअरिंग, पंपाचा वॉशर. मिठागरांवर इमारती आल्या, आमच्या खिडकीतून दुसऱ्यांची खिडकी दिसायला लागली. उन्हाळ्यात तू सुके बोंबील आणून द्यायचास, कागदात बांधून, "वयनीला दे" म्हणून. कांता घ्यायची, रांधायची आणि तुझं नाव काढायची नाही. एकदा मीच म्हटलं, "मला शिकव की रे वाजवायला." तुला आश्चर्य वाटलं नाही. पुढच्या खेपेला तू मला एक C आणून दिलास, नवा, आणि दुकानाच्या मागच्या बाजूला उभं राहून फुंकायचं कसं, ओढायचं कसं, ते दाखवलंस. पण स्वतः वाजवून दाखवलं नाहीस. बोटांनीच भोकं दाखवलीस. मला अजून एकच धून येते, तीही अडखळत. पण तुझ्या आधी मला गाण्यातले फक्त शब्द ऐकू यायचे. आता मधले स्वर ऐकू येतात. कुठलं गाणं कुठे रडतं ते कळतं. हे तू मला दिलंस, आणि मी तुला काय दिलं होतं ते माहीत असून दिलंस.

कांता जाऊन सहा वर्षं झाली. तू आला होतास, मागे उभा होतास. तिलाही मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आपलं शेवटचं गाणं एका दारुड्याने घालवलं असंच समजून ती गेली. तिचं गाणं तिच्या नवऱ्याने घालवलं होतं. हे तिला आता सांगायला जागा नाही.

गेल्या रविवारी पालीला गेलो. फिलूवहिनीने चहा केला आणि मी मागितला नसताना तिनेच तो डबा आणून पुढे ठेवला. झाकण गंजलंय. आत पाचही बाजे होते. मी एकेक उचलला. C, एक गाठ. D, दोन. F, तीन. G, चार. A, पाच. दोरा हिरव्याचा पांढुरका झालाय, पण गाठी माझ्याच. सारख्या अंतरावर, एका मापाच्या.

"वहिनी, ह्या गाठी त्याने सोडल्या नाहीत?"

"न्हाय. बोलायचा, इस्टोरनं बांधल्यात, ऱ्हाऊ दे. अंगठ्याला परत शिकवलं त्यानं. दोन म्हैने लागले."

तू वाजवत होतास तर. मला वाटलं होतं सोडलंस.

मग मी बोललो. चहा निवेपर्यंत सगळं बोललो. त्या सकाळचं, गाठींचं, मंडपातलं, सांगता येत नाही म्हणालो ते. "वहिनी, त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता."

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "घरी आला तवा मी त्याचं तोंड हुंगलं. डिझेलचा वास. दुसरा काय न्हाय."

"मग तुम्ही लोकांना सांगितलं का नाही? गावात, चर्चमध्ये बोलले असतील लोक."

"बोलले तर. मी जाणार होते तुमच्या अध्यक्षाकडं. त्यानं आडवलं. बोलला, तू नको सांगू. इस्टोर सांगल."

तिने कप उचलला, विसळला. मग पाठमोरीच म्हणाली, "लई वर्सं बोलायचा. सांगल तो. सगळं लिवून ठेवणारा मानूस हाय."

तर लिहिलं, पास्कू. उशीर झाला. जे हसले होते त्यांतले दोघं अजून आहेत, त्यांच्या घरी अंक पोचेल. मास्तरांना ऐकू येत नाही, त्यांच्या मुलाला सांगितलंय मोठ्याने वाचून दाखव म्हणून. आम्ही लोक आत्मा मानत नाही, यावरूनही आपला वाद राहिलाय. तुझा फादर म्हणतो तू कुठेतरी आहेस. तू म्हणायचास, "इस्टोर, माल दिसत न्हाय म्हून संपला असं लिवायचं नसतं. माळ्यावर बघायचं."

ठीक आहे. माळ्यावर असशील तर ऐक. त्या दिवशी डबा हातात देताना जे सांगायचं राहिलं ते सांगतो. गाठी मी बदलल्यात. C एक, D दोन, F तीन, G चार, A पाच. कांताचं शेवटचं गाणं लागतंय. चारचा घेऊ नकोस.

तीन गाठींचा काढ.